अल्फा स्रोत थंड केला तर अर्धायुष्य बदलतं का? टनेलिंग आणि परिसर यांचा खरा हिशेब

फोंड्याच्या एका एमएस्सीच्या विद्यार्थ्याने विचारलेला प्रश्न थोडक्यात असा: अल्फा कण अणुकेंद्रातून टनेलिंगने, म्हणजे ऊर्जा कमी पडत असूनही अडथळ्यातून आरपार जाऊन, बाहेर येतो. टनेलिंगची शक्यता त्या अडथळ्याच्या, म्हणजे बांधाच्या, उंचीवर घातांकी अवलंबून असते. मग स्रोत तांब्यासारख्या धातूत बसवून द्रव नायट्रोजनने थंड केला तर भोवतालच्या इलेक्ट्रॉनांमुळे बांध खाली येऊन अर्धायुष्य कमी व्हायला हवं ना? पोलोनियममध्ये ६ टक्के फरक सापडल्याचं एके ठिकाणी वाचलं, तर परिसरामुळे टनेलिंग उलट घटतं असं दुसरीकडे वाचलं. कॉलेजात अमेरिशियम-२४१ चा सीलबंद स्रोत आहे. तीन महिन्यांचा प्रकल्प होईल का?

यात तीन वेगळे प्रश्न एकमेकांत गुंतले आहेत, आणि तुमचा गोंधळ बहुतेक त्यामुळेच आहे. अल्फा क्षयावर धातू, संयुग किंवा तापमान यांचा मोजता येईल इतका परिणाम होत नाही. दोन हलकी अणुकेंद्रं कमी ऊर्जेने एकमेकांवर आदळून जुळतात तिथे परिसराचा परिणाम होतो आणि तो मोजलाही जातो. जड अणुकेंद्रांच्या संमीलनात, म्हणजे फ्यूजनमध्ये, अणुकेंद्राची स्वतःची आतली हालचाल हाच परिसर असतो, आणि तिथला परिणाम शेकडो पटींत जाऊ शकतो. वाढ की घट, हे मात्र तुम्ही तुलना कशाशी करता त्यावर ठरतं.

आधी आकडे हातात घेऊ, कारण या विषयात आकड्यांशिवाय बोललं की चूक ठरलेलीच. पोलोनियम-२१० घ्या. क्षयात सुटणारी ऊर्जा ५.४०७ एमईव्ही (ईव्ही म्हणजे इलेक्ट्रॉन-व्होल्ट; केईव्ही हजार ईव्ही, एमईव्ही दहा लाख). अल्फा आणि शिसं-२०६ यांचं अंतर ९ फेम्टोमीटरच्या आसपास आलं की अणुकेंद्रीय ओढ सुरू होते. तिथून बाहेर कूलॉम्बचा बांध, म्हणजे दोन धन प्रभारांच्या ढकलण्याचा अडथळा, लागतो. तो संपतो कुठे, तर २ गुणिले ८२ गुणिले १.४४ भागिले ५.४०७, म्हणजे सुमारे ४४ फेम्टोमीटरवर. या ९ ते ४४ च्या पट्ट्यावर डब्ल्यूकेबीचं (टनेलिंगची शक्यता अंदाजे काढायच्या रीतीचं) संकलन केलं की घातांक साधारण ६१ येतो. ई चा उणे ६१ वा घात म्हणजे १० च्या उणे २७ व्या घाताच्या आसपासची शक्यता. अल्फा सेकंदाला १० चा २१ वा घात इतक्या वेळा भिंतीवर धडकतो असं धरलं तर अर्धायुष्य तीनेक दिवस निघतं. खरं अर्धायुष्य १३८ दिवस आहे. ही सुमारे चाळीसपट तफावत अल्फा आत आयता तयार बसलेला नसतो म्हणून येते. शिवाय १२६ न्यूट्रॉनांचं बंद कवच इथे आणखी आडवं येतं. तरीही २७ घातांच्या हिशेबात एवढीच चूक राहावी, हे १९२८ मध्ये गॅमॉव्हने आणि स्वतंत्रपणे गर्नी व कॉन्डन यांनी मांडलेल्या चित्राचं मोठं यश आहे. पोलोनियम-२१२ ची ऊर्जा ८.९५ एमईव्ही आहे आणि अर्धायुष्य ०.३ मायक्रोसेकंद. ऊर्जा दुपटीनेही वाढली नाही, तरी १३८ दिवसांचं अर्धायुष्य मायक्रोसेकंदाच्याही आत आलं.

ही संवेदनशीलता पाहूनच तुमच्या मनात शंका आली, आणि ती रास्त आहे. पोलोनियम-२१० साठी उतार काढला तर सुटणारी ऊर्जा १ केईव्हीने वाढली की क्षयाचा वेग सुमारे १.२ टक्के वाढतो. पोलोनियमच्या अणूतले इलेक्ट्रॉन आणि शिशाच्या अणूतले इलेक्ट्रॉन यांच्या एकूण बंधन-ऊर्जेतला फरक सुमारे ३२ केईव्ही आहे. म्हणजे इलेक्ट्रॉनांच्या ढगामुळे बांध ३२ केईव्हीने खाली आला असं म्हटलं, तर वेग ४५-५० टक्क्यांनी वाढायला हवा. मग धातू बदलला की निदान एखादा टक्का तरी बदलणार, असं वाटणं साहजिक आहे.

चूक नेमकी इथे होते. रायबंदर-चोडण फेरीबोट डोळ्यांसमोर आणा. ओहोटी लागली की बोट खाली जाते. धक्क्यावर उभ्या माणसाला बोटीचा कठडा खाली गेलेला दिसतो, त्यामुळे वरून आत उडी मारणं त्याला सोपं होतं. बोटीच्या डेकवर उभ्या माणसाला मात्र कठडा आधी कमरेएवढा होता, तर ओहोटीतही कमरेएवढाच राहतो, कारण डेक आणि कठडा एकत्रच खाली गेले. अल्फा क्षयातला अल्फा हा डेकवरचा माणूस आहे. इलेक्ट्रॉनांचा ऋण ढग त्या जागेतलं सगळं विभव जवळजवळ सारखंच खाली ढकलतो: बांधही आणि आतल्या अल्फाची ऊर्जाही. टनेलिंगच्या घातांकात येतो तो बांध आणि ऊर्जा यांच्यातला फरक, आणि तो फरक तसाच राहतो. कण बाहेर पडून दूर गेल्यावर शोधकात (डिटेक्टरमध्ये) जी ऊर्जा दिसते ती मात्र तेवढी कमी भरते. म्हणूनच हिशेब करताना शोधकातली ऊर्जा तशीच सूत्रात घालायची नसते. आधी तिच्यात ते ३२ केईव्ही मिळवायचे, आणि मग उघड्या अणुकेंद्राचा बांध वापरायचा. बांधातून ३२ वजा करायचे आणि ऊर्जा मात्र उघड्या अणुकेंद्राचीच ठेवायची, असं केलं की ४५-५० टक्क्यांचं भूत उभं राहतं.

सगळं विभव सारखंच ढकललं जातं, हे कशावरून? मापं पाहा. बांध ४४ फेम्टोमीटरला संपतो. शिशाच्या सर्वांत आतल्या के कवचाची त्रिज्या ५३,००० भागिले ८२, म्हणजे सुमारे ६५० फेम्टोमीटर आहे. बांधाचा सगळा पट्टा त्या ढगाच्या पोटात, अगदी मध्याशी बसलेला असतो. ४४ फेम्टोमीटरच्या गोळ्यात के कवचाच्या दोन्ही इलेक्ट्रॉनांचा मिळून जेमतेम काही हजारांश प्रभार सापडतो. त्यामुळे बांधाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत विभवात पडणारा फरक ३२ केईव्हीच्या तुलनेत नगण्य उरतो. शिवाय हा उरलेला फरक आतल्या कवचांचा आहे. धातू, ऑक्साइड किंवा क्षार यांत बदल होतो तो सगळ्यांत बाहेरच्या इलेक्ट्रॉनांत, काही ईव्हींच्या घरात. त्यांची घनता अणुकेंद्रापाशी नावापुरतीच असते.

आता त्या ६ टक्क्यांबद्दल. २००६-०७ च्या सुमारास खरोखर असा दावा झाला होता: पोलोनियम-२१० तांब्यात रोवून १२ केल्विनपर्यंत थंड केलं आणि अर्धायुष्य सुमारे ६ टक्क्यांनी कमी दिसलं. त्यामागचं गणित असं होतं की धातूतले मुक्त इलेक्ट्रॉन म्हणजे डिबायच्या पद्धतीचा, उष्णतेने हलणाऱ्या प्रभारांचा अभिजात वायू. त्याची झाकण्याची (स्क्रीनिंगची) त्रिज्या तापमानाच्या वर्गमुळाप्रमाणे आक्रसते. म्हणून थंड केल्यावर झाकण अधिक घट्ट बसतं. यात दोन दोष आहेत. पहिला फेरीबोटीचा, तो वर सांगितला. दुसरा असा की तांब्यातले मुक्त इलेक्ट्रॉन हा अभिजात वायू नव्हेच. त्यांची फर्मी ऊर्जा (कितीही थंडीत त्यांच्यात उरणारी सर्वांत जास्त ऊर्जा) ७ ईव्ही आहे, म्हणजे फर्मी तापमान सुमारे ८०,००० केल्विन. या वायूला ३०० केल्विन आणि १२ केल्विन दोन्ही शून्यासारखेच. खोली थंड केली म्हणून त्याची झाकण्याची त्रिज्या बदलत नाही. त्यानंतर वेगवेगळ्या गटांनी फ्रॅन्सियम, रेडियम, आइन्स्टाइनियम यांचे अल्फा उत्सर्जक धातूंत रोवून, काहींनी तर केल्विनच्या अंशापर्यंत थंड करून पाहिले. सांगितलेला परिणाम मिळाला नाही. आपल्या उताराने पाहिलं तर ६ टक्क्यांसाठी ५ केईव्हीचा न रद्द होणारा बदल लागतो. रासायनिक बंधाच्या ईव्हींतून तो येणार कुठून?

इथे एक गल्लत वारंवार होते, म्हणून सांगतो. बेरिलियम-७ चं अर्धायुष्य सुमारे ५३ दिवस आहे, आणि ते संयुगानुसार टक्क्याच्या आसपास खरंच बदलतं. रेनियम-१८७ चे सगळे इलेक्ट्रॉन काढून टाकले तर सुमारे ४२ अब्ज वर्षांचं अर्धायुष्य ३३ वर्षांवर येतं. डिस्प्रोशियम-१६३ एरवी स्थिर आहे, पण पूर्ण आयनित केलं की ४७ दिवसांच्या अर्धायुष्याने क्षय पावतं. ही तिन्ही मोजमापं पक्की आहेत. पण यांपैकी एकातही अल्फासारखं टनेलिंग नाही. बेरिलियममध्ये अणुकेंद्र कवचातला इलेक्ट्रॉनच गिळतं, त्यामुळे तिथे इलेक्ट्रॉनाची घनता थेट वेगात येते. उरलेल्या दोन्हींत बीटा इलेक्ट्रॉनाला रिकाम्या कवचात जागा मिळते. ‘अर्धायुष्य बदलतं’ याचा पुरावा म्हणून ही उदाहरणं अल्फा क्षयाला लावू नका.

धक्क्यावरच्या माणसाकडे वळू. दोन ड्यूटेरॉन (जड हायड्रोजनची अणुकेंद्रं) एकमेकांकडे दुरून येतात. त्यांची ऊर्जा तुमच्या त्वरकाने ठरवलेली आहे, आणि तिला इलेक्ट्रॉनांच्या ढगाशी काही देणंघेणं नाही. जवळ आल्यावर मात्र ढगामुळे बांध खाली गेलेला असतो. इथे फरक खरंच बदलतो. ढगामुळे बांध जितका खाली येतो ती झाकण-ऊर्जा. ती लहान असेल तर वाढीचा गुणक ई चा (पाय गुणिले ईटा गुणिले झाकण-ऊर्जा भागिले टक्कर-ऊर्जा) वा घात इतका येतो; ईटा हा दोन्ही प्रभार आणि टकरीचा वेग यांवर ठरणारा अंक आहे. ड्यूटेरॉनांसाठी २ पाय ईटा म्हणजे ३१.४ भागिले केईव्हीतल्या ऊर्जेचं वर्गमूळ. वायूच्या लक्ष्यात झाकण-ऊर्जा २५ ईव्हीच्या आसपास असते: १० केईव्हीला वाढ सव्वा टक्का, २ केईव्हीला सुमारे १५ टक्के. धातूत मुरवलेल्या ड्यूटेरियमसाठी काही प्रयोगांत याहून कितीतरी मोठ्या, शेकडो ईव्हींच्या झाकण-ऊर्जा निघाल्या आहेत. ३०० ईव्ही धरले तर १० केईव्हीला १६ टक्के, ५ केईव्हीला दीडपट आणि २ केईव्हीला पाचपटीहून थोडी जास्त वाढ मिळते. इतक्या मोठ्या संख्या का याव्यात यावर अजून एकमत नाही, आणि त्या प्रयोगांच्या तपशिलात शिरलं की सावध व्हायला होतं: पृष्ठभागावर ऑक्साइडचा थर असला की ड्यूटेरॉन आत पोहोचेपर्यंत ऊर्जा गमावतो, झोताने लक्ष्य तापलं की मुरलेलं ड्यूटेरियम हलतं आणि त्याचं खोलीनुसार वाटप बदलतं. दोन्हीमुळे उत्पन्न बदलतं आणि ते सगळं झाकण-ऊर्जेच्या खात्यावर पडू शकतं.

सूर्याच्या गाभ्यातही हेच घडतं. तापमान दीड कोटी केल्विन, म्हणजे औष्णिक ऊर्जा १.३ केईव्ही, पण प्रोटॉन-प्रोटॉन संमीलन घडतं ते मुख्यतः ६ केईव्हीच्या आसपास. प्लाझ्मातल्या प्रभारांमुळे त्याचा वेग सुमारे ५ टक्क्यांनी वाढतो. हा हिशेब सॅलपिटरने १९५४ मध्ये दिला. तिथे डिबायची त्रिज्या वापरणं बरंचसं योग्य आहे, कारण तो वायू खरोखर तापलेला आहे. तीच त्रिज्या थंड तांब्यात वापरली की बिघडतं.

आता तुमचं दुसरं वाचन: परिसरामुळे टनेलिंग घटतं. हे म्हणणं कॅल्डेरा आणि लेगेट या भौतिकशास्त्रज्ञांच्या १९८०च्या दशकाच्या सुरुवातीच्या कामातून येतं. टनेल करणाऱ्या एका चलाला असंख्य छोटे दोलक जोडले, त्यांच्याकडे ऊर्जा झिरपू दिली, की टनेलिंग मंदावतं. अतिवाहक जोडांवर हे मोजता येतं. २०२५ चं भौतिकशास्त्राचं नोबेल ज्या कामासाठी क्लार्क, डेव्होरे आणि मार्टिनिस यांना मिळालं ते विद्युत मंडलातल्या टनेलिंगचं काम याच परंपरेतलं. पण त्या निष्कर्षात एक अट दडलेली आहे, आणि लोक ती सोडून देतात. दोलक जोडल्यामुळे बांधाची उंचीही थोडी सरकते. कॅल्डेरा आणि लेगेट यांनी ते सरकणं आधीच भरून काढून, बांध तोच ठेवून, फक्त घर्षणाचा परिणाम विचारला. उत्तर आलं: घट. अणुकेंद्रीय संमीलनात आपण सहसा उलट करतो. उघडा, जोडणीविना बांध धरतो आणि मग आतली हालचाल जोडतो. उत्तर येतं: वाढ. दोन्ही बरोबर आहेत, कारण स्थिर काय धरलं ते वेगळं आहे. फेरीबोटीचाच मुद्दा दुसऱ्या कपड्यांत आला आहे म्हणा.

संमीलनाचं उदाहरण समॅरियमचं घेऊ, कारण ते फार स्वच्छ आहे. ऑक्सिजन-१६ चा झोत समॅरियम-१४४ आणि समॅरियम-१५४ वर. दोन्हींत प्रभार तोच, बांध ६० एमईव्हीच्या आसपास. समॅरियम-१४४ जवळजवळ गोल आहे, तर १५४ लांबट, विरूपण सुमारे ०.३. टोकाकडून आलेल्या ऑक्सिजनला पृष्ठभाग लवकर भेटतो आणि बांध काही एमईव्हीने खाली असतो. कुशीकडून आलेल्याला तो वर असतो. बांधाच्या माथ्याची वक्रता ४ एमईव्हीची धरली तर माथ्याखाली दर १ एमईव्हीला शक्यता सुमारे पाचपट घटते. म्हणून सरासरी बांधाच्या ५ एमईव्ही खाली एकच बांध धरला तर शक्यता दहा हजारात चार. पण टोकाकडून येणारे थोडेसे ऑक्सिजन तिथे निम्म्या शक्यतेने पार होतात. सगळ्या दिशांची सरासरी काढली की उत्तर शंभरपटींच्या घरात वर जातं. घातांकी गोष्टींची सरासरी नेहमी खालच्या बांधाच्या बाजूने झुकते. १९७० च्या दशकाच्या शेवटी समॅरियमच्या समस्थानिकांवर झालेल्या मोजमापांत हाच कल दिसला.

इथे दिशा गोठलेली धरली, ती का चालते? समॅरियम-१५४ ची पहिली उत्तेजित पातळी फक्त ८२ केईव्हीवर आहे. त्यावरून फिरण्याचा काळ १० चा उणे २० वा घात सेकंदांच्या जरा खाली येतो. बांध ओलांडण्याचा काळ त्याच्या पन्नासावा भाग. म्हणजे ऑक्सिजन पार होईपर्यंत समॅरियम वळतच नाही. उलट ऑक्सिजनची स्वतःची ६.१३ एमईव्हीची पातळी इतकी वेगवान आहे की ती बांधासोबत सतत जुळवून घेते. तिचा परिणाम एवढाच की सगळा बांध थोडा सरकतो, पसरत नाही. संमीलनात परिसराचा विचार करताना मी पहिल्यांदा हेच गुणोत्तर काढतो: उत्तेजनाची ऊर्जा आणि बांधाची वक्रता. गुणोत्तर लहान तर बांध फुटून अनेक होतात. मोठं तर एकच बांध सरकतो. आणि सरकलेला बांध तुम्ही आधीच प्रयोगातून बसवला असेल, तर तो परिणाम दुसऱ्यांदा मोजू नका. ही चूक प्रकाशित हिशेबांतही सापडते.

बांधांचं हे वाटप प्रयोगातून थेट काढता येतं. संमीलनाच्या काटछेदाला (ते घडण्याच्या शक्यतेच्या मापाला) ऊर्जेने गुणून त्याचा ऊर्जेनुसार दुसरा अवकलज घ्यायचा. राउली, सॅचलर आणि स्टेल्सन यांनी १९९१ मध्ये ही रीत सुचवली. दुसरा अवकलज घेताना मोजमापाची चूक भयंकर फुगते, म्हणून काटछेद १ टक्क्याच्या आत हवा आणि पायरी साधारण २ एमईव्हीची. पायरी बारीक केली तर गोंगाट, जाड केली तर शिखरं पुसली जातात. फारच खोल, बांधाच्या कितीतरी खाली गेल्यावर काटछेद या गणितापेक्षाही वेगाने पडतो, हे २००२ पासून अनेक जोड्यांत दिसलं आहे. त्याचं कारण एकच मानायला मी तयार नाही.

आता प्रकल्प. द्रव नायट्रोजनात तुमचा सीलबंद स्रोत बुडवू नका. स्रोताच्या प्रमाणपत्रावर आयएसओ २९१९ या सीलबंद स्रोतांच्या आंतरराष्ट्रीय मानकाचा वर्ग लिहिलेला असतो, आणि त्यातली थंडीची चाचणी उणे ४० अंश सेल्सिअसची असते. उणे १९६ ला पातळ खिडकी किंवा सांधा तडकला तर अमेरिशियम प्रयोगशाळेत पसरतं, आणि ते श्वासातून आत गेलं की आयुष्यभर शरीरात राहतं. धूरशोधक उघडून त्यातली चकती काढणं तर अजिबात नको. अणुऊर्जा नियामक मंडळाचे नियम याच कारणासाठी आहेत. शिवाय अशा स्रोतात अमेरिशियम बहुतेक ऑक्साइडच्या रूपात असतं. ते तांब्याच्या जाळीत रोवलेलं नसल्याने तुमचा प्रश्न त्या मांडणीत विचारताच येत नाही.

योग्य स्रोत असता तरी सापळे कुठे आहेत ते समजून घ्या, म्हणजे कुणाचाही दावा वाचताना कुठे बोट ठेवायचं ते कळेल. अमेरिशियमचं अर्धायुष्य ४३२ वर्षं आहे, त्यामुळे दोन महिन्यांत घट होते १०,००० त तीनाहूनही कमी. पण तीन महिने थांबायची गरजच नसते: क्षयाचा वेग बदलला तर त्या क्षणी मोजणी त्याच प्रमाणात बदलते. ६ टक्के तपासायला अर्ध्या टक्क्याची अचूकता पुरते, आणि तिला ४०,००० मोजण्या लागतात. संख्याशास्त्र सोपं आहे, अवघड आहे ती भूमिती. तांबं खोलीच्या तापमानावरून ७७ केल्विनवर नेलं की ०.३ टक्के आक्रसतं. १०० मिलिमीटरच्या दांड्यावर स्रोत असेल तर तो ०.३ मिलिमीटर हलतो. शोधक ५० मिलिमीटरवर असेल तर घनकोन १.२ टक्क्यांनी बदलतो. ५९.५ केईव्हीचे गामा बाहेरून मोजले तर मध्ये आलेलं १ मिलिमीटर तांबं तीन-चतुर्थांश गामा शोषतं. द्रव नायट्रोजन उडून १ सेंटिमीटर पातळी कमी झाली की मोजणी १५-१६ टक्क्यांनी वाढते, आणि अगदी नव्या परिणामासारखी दिसते. निर्वात पुरेसा नसेल तर थंड स्रोतावर बर्फ साचतो. १ मायक्रोमीटर बर्फात अल्फा ८० केईव्हीच्या आसपास गमावतो, शिखर तुमच्या ठरवलेल्या खिडकीबाहेर सरकतं आणि मोजणी कमी झाल्यासारखी वाटते.

यात गोव्याचा पावसाळा वेगळी भर घालतो. जोराची सर आली की हवेतल्या रेडॉनची अपत्यं, शिसं-२१४ आणि बिस्मथ-२१४, पावसाबरोबर जमिनीवर येतात आणि गामाची पार्श्वभूमी वाढते. त्यांची अर्धायुष्यं २७ आणि २० मिनिटं, त्यामुळे सर थांबल्यावर तास-दोन तासांत ती पुन्हा खाली येते. दुपारी ‘गरम’ आणि संध्याकाळच्या पावसात ‘थंड’ मोजमाप घेतलं तर तुम्ही पाऊसच मोजाल. सोडियम आयोडाइडचा स्फटिक ओलावा शोषतो. सील सैल असेल तर पिवळा पडतो आणि शिखर रुंदावतं. एसी रात्री बंद केला किंवा वीज गेली की शोधकाची वाढ-क्षमता दर अंशाला काही दशांश टक्क्यांनी सरकते. क्षयाचा वेग ऋतूप्रमाणे बदलतो असे दावेही मागे झाले, आणि काळजीपूर्वक मोजलेल्या उपकरणांत ते टिकले नाहीत. ऋतूबरोबर बदलत होती ती मोजणारी यंत्रं.

म्हणून माझा सल्ला असा: मुख्य प्रकल्प गणनेचा ठेवा. पहिल्या महिन्यात पोलोनियम-२१० आणि २१२ चे घातांक काढा. मला पहिल्याला ६१ आणि दुसऱ्याला ३२ मिळतात. बांधाच्या बाहेरच्या टोकाशी संकलन हट्ट करतं, म्हणून अंतराच्या जागी बाहेरचं टोक गुणिले कोसाइन थीटाचा वर्ग हे चल घ्या. मग बांध आणि ऊर्जा दोन्हींतून ३२ केईव्ही काढून उत्तर बदलत नाही हे पाहा, आणि एकातूनच काढून चूक मुद्दाम करून पाहा. दुसऱ्या महिन्यात समॅरियमच्या दिशांची सरासरी. ही स्प्रेडशीटमध्येही होते. तिसऱ्यात हॅगिनो आणि सहकाऱ्यांची सीसीफुल ही संमीलनाचा हिशेब करणारी संगणक-संहिता चालवा. ती साध्या लॅपटॉपवर चालते, आणि तिच्यात ऑक्सिजनची ६.१३ ची पातळी घालून-काढून बांध सरकतो की पसरतो ते तुम्हाला स्वतः तपासता येईल.

प्रयोग हवाच असेल तर स्रोत त्याच्या परवानगीच्या मर्यादेत, समजा १० ते ४० अंश सेल्सिअस, ठेवा. शोधक वेगळ्या, स्थिर तापमानावर. शेजारी त्याच बैठकीवर सीझियम-१३७ संदर्भाला. ६६२ केईव्हीची मोजणी बदलली तर भूमिती हलली. फक्त ५९.५ ची बदलली तर मध्ये काहीतरी शोषणारं आलं. गरम-थंड-गरम-थंड अशी तासातासाची आलटून-पालटून मोजणी घ्या. प्रत्येक फेरीबरोबर खोलीचं तापमान, आर्द्रता आणि पाऊस होता की नव्हता हे नोंदवा, आणि अहवालात ‘बदल नाही’ असं लिहिण्याऐवजी ‘बदल असला तर इतक्या टक्क्यांपेक्षा कमी’ असं लिहा.